मोतमाउलीच्या डोंगराची हकीकत

आमच्या घरात 'चर्च' हा शब्द शाळेच्या वहीपुरता होता. बोलताना देऊळच. आजी 'देवळात जाऊन येते' म्हणाली की ती सेंट अँड्र्यूजला निघालेली असायची आणि 'डोंगरावर जाऊन येते' म्हणाली की मोतमाउलीकडे. कुठला डोंगर, हे कुणी विचारत नसे. वांद्र्याच्या माणसाला डोंगर एकच. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ऐंशी मीटरच्या आसपास. घाटावरच्या पाहुण्याला आम्ही तो कौतुकाने दाखवायचो आणि पाहुणा म्हणायचा, 'हे तर टेकाड!' म्हणो बापडा. मे महिन्यात दुपारी बोमनजीच्या पायऱ्या चढून पाहा म्हणावं.

स्मरणिकेसाठी देवळाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात नावापासून करावी लागते, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. कागदोपत्री नाव 'बॅसिलिका ऑफ अवर लेडी ऑफ द माउंट'. बेस्टच्या कंडक्टरचं 'माउंट मेरी'. आणि कोळीवाड्यापासून वसईपर्यंत मराठी बोलणाऱ्यांचं 'मोतमाउली'. यातला 'मोत' कुठून आला? कोळ्यांच्या मते तो मोत्यातून आला. समुद्राने दिलेली आई, म्हणून मोत्याची माउली. दुसरा पक्ष पोर्तुगीजांकडे बोट दाखवतो. त्यांच्या भाषेत डोंगराला 'मोंत' म्हणतात आणि मंगळूरकडचे कोंकणी ख्रिस्ती अजूनही ८ सप्टेंबरच्या सणाला 'मोंती' म्हणतात. मला दुसरं पटतं. पण चिंबई कोळीवाड्यातल्या एखाद्या म्हातारीसमोर ते बोलून दाखवायची माझी छाती नाही. आणि खरं सांगायचं तर तिचा अर्थ जास्त देखणा आहे. 'माउली' या शब्दाबद्दल मात्र दोन्ही पक्षांत वाद नाही. वारकऱ्याच्या तोंडी जो शब्द, तोच कोळणीच्या तोंडी.

या डोंगराचं महत्त्व धर्माच्या आधी नकाशात आहे. वसईपासून मुंबईपर्यंतचा मुलूख १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आला. जेझुइट पाद्री साष्टीत उतरले, वांद्र्यात स्थिरावले आणि चिंबईच्या किनाऱ्याजवळ सेंट अँड्र्यूज उभं राहिलं. वांद्र्यातलं हे सर्वांत जुनं देऊळ. डोंगराच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या तोंडाशी, पोर्तुगीजांनी १६४० मध्ये किल्ला बांधला. नाव आग्वाद, म्हणजे पाण्याची जागा. जहाजांना गोडं पाणी इथे मिळे. आपण आज ज्याला वांद्र्याचा किल्ला म्हणतो आणि जिथे पोरंपोरी संध्याकाळी कठड्यावर बसलेली असतात, तो हाच. डोंगरावरची पहिली लहानशी प्रार्थनाघुमटी त्याच काळातली, असं परंपरा सांगते. शिबंदीतल्या शिपायांना रविवारची मिस्सा ऐकायला दूर जावं लागू नये, एवढाच तिचा हेतू असावा.

मग पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं. १६६१ चा करार झाला आणि मुंबईचं बेट आहेरात गेलं. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडलं. वांद्र्यासकट साष्टी मात्र आहेरात नव्हती. त्यामुळे झालं असं, की माहीमची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द झाली. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे इंग्रज. आज माहीमहून वांद्र्याला रिक्षा येत नाही म्हणून आपण कुरकुरतो. तेव्हा होडीतून उतरलं की माणूस परमुलखात पाऊल ठेवायचा. पलीकडचं ते बेट पुढे इलाख्याची राजधानी झालं आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राची. देऊळ मात्र पहिल्यापासून अलीकडच्या काठावरून, उंचावरून, त्या बेटाकडे बघत बसलेलं. वांद्रे बृहन्मुंबईत आलं ते १९५० मध्ये. माउली मुंबईकर झाली ती तेव्हा.

सरहद्दीवरच्या देवळाला जे भोगावं लागतं ते या देवळाला भोगावं लागलं. १७०० साली मस्कतचे अरब समुद्रमार्गे आले आणि त्यांनी घुमटी लुटली. मूर्तीच्या हातात सोन्याचा मुलामा दिलेली एक वस्तू होती. ती भरीव सोन्याची असावी असं वाटून त्यांनी वस्तूबरोबर मूर्तीचा उजवा हातच तोडला. पुढे ते घुमटीला आग लावणार, तेवढ्यात मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि लुटारू पळाले, असं आजी सांगायची. मधमाश्यांची गोष्ट इतिहासात धरायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. हात गेला, हे मात्र सगळे सांगतात.

त्या तुटक्या हातावर मी लहानपणी फार विचार केला आहे. देवाची आई, आणि तिला आपला हात वाचवता आला नाही? आजीला विचारलं तर ती म्हणाली, 'तिला काय, दुसरा हाय ना.' यापुढे धर्मशास्त्र जाऊ शकत नाही, आणि गेलेलं मी पाहिलंही नाही.

दुसरी आपत्ती आली ती आपल्याच लोकांमुळे. 'आपल्याच' हा शब्द इथे जरा जपून वापरावा लागतो. मराठी म्हणून आपण चिमाजी अप्पांच्या बाजूचे, आणि देवळाचे म्हणून पलीकडच्या बाजूचे. १७३७ पासून मराठे साष्टीत शिरले, ठाणं घेतलं आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. या धामधुमीत माहीमला बसलेल्या इंग्रजांना एकच घोर लागला होता. वांद्र्याची तटबंदी मराठ्यांच्या हाती गेली तर खाडीपलीकडून तोफा थेट आपल्यावर रोखल्या जातील. त्यांनी पोर्तुगीजांना राजी केलं आणि वांद्र्याची मजबूत बांधकामं मराठे पोहोचण्याआधीच पाडली. जेझुइटांचं सेंट अ‍ॅन कॉलेज त्यात गेलं आणि डोंगरावरची घुमटीही त्याच धांदलीत नाहीशी झाली. मूर्ती डोंगराखाली आली. सेंट अँड्र्यूज तेवढं वाचलं.

म्हणजे देवळावर घाव घालणारे तिघे. अरबांनी सोन्यासाठी घातला, इंग्रजांनी भीतीपोटी, आणि मराठे निमित्ताला धनी झाले. वांद्र्यात अजूनही लोक हे पाप सरसकट मराठ्यांच्या पदरात टाकतात. हिशेब नीट मांडला तर तसं दिसत नाही.

उलट एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. देऊळ पुन्हा उभं राहिलं ते १७६०-६१ मध्ये. पानिपताचं साल. त्या वेळी साष्टीवर अंमल मराठ्यांचा होता, आणि इंग्रजांनी ती जिंकून घेतली डिसेंबर १७७४ मध्ये. तेव्हा मोतमाउली डोंगरावर परत चढली ती पेशवाईत. वसई-साष्टीच्या शाळांत शिकलेल्या कितीतरी मुलांना हे ठाऊक नसतं. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

याच काळाशी कोळ्यांची गोष्ट जोडलेली आहे. एका कोळ्याला स्वप्न पडलं, समुद्रात मूर्ती तरंगते आहे. पहाटे होडी लोटली तर खरंच मूर्ती. ही मूर्ती खलाशांच्या मातेची, 'अवर लेडी ऑफ नॅव्हिगेटर्स' म्हणतात ती. नव्या देवळात काही काळ हीच मूर्ती होती असं सांगतात. पुढे जुनी, हात तुटलेली मूर्ती दुरुस्त होऊन मानाच्या जागी परत आली. तिचा हात झाकण्यासाठी कडेवर बाळ येशू बसवला गेला आणि हे बाळ वेगळं काढता येतं, असंही सांगतात. खरंखोटं मला तपासता आलेलं नाही. पण मूर्तीकडे बघताना माझी नजर अजून त्या बाळाकडे आधी जाते आणि मग त्याच्यामागे काय असेल तिकडे.

आता थोडं पारशांबद्दल. या देवळाचा इतिहास ख्रिस्ती लोकांपुरता लिहिला तर अर्धा राहील.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेटावरून जत्रेला यायचं म्हणजे माहीमहून होडीने खाडी ओलांडायची. पावसाळ्याच्या अखेरीस, भरतीच्या वेळी, माणसांनी भरलेल्या होड्या. १८४१ मध्ये वादळात वीसेक होड्या खाडीत बुडाल्या. पूल बांधा म्हणून लोक ओरडत होते आणि कंपनी सरकार खर्चाला तयार होत नव्हतं. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतःचे दिले. अट एकच, पुलावर जकात घ्यायची नाही. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही 'लेडी जमशेटजी'चं नाव आहे. अवाबाईंचं मूल आजारी होतं, त्यांनी माउलीला नवस केला आणि तो फेडायला हा रस्ता बांधला, असं वांद्र्यातला प्रत्येक माणूस शपथेवर सांगेल. नवसाचा कागद कुणी पाहिलेला नाही. बुडालेल्या होड्या मात्र साऱ्या मुंबईने पाहिल्या होत्या, आणि एवढं कारण एका आईला पुरेसं होतं. नवस असो वा नसो, या देवळाला मिळालेलं सर्वांत मोठं दान देवळाच्या आवारात नाही. त्याच्यावरून रोज हजारो गाड्या जातात.

डोंगराच्या उत्तर अंगाने वर येणाऱ्या पायऱ्या बोमनजी जीजीभाईंच्या नावाच्या. तेही पारशी. लँड्स एंडकडची बरीच जमीन जीजीभाई घराण्याकडे होती. आणि सध्याच्या देवळाचा वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय, तोही पारशी. आमच्या आळीतला एक जुना विनोद आहे: माउलीचं देऊळ कुणी बांधलं? पोर्तुगीजांनी पाया घातला, कोळ्यांनी मूर्ती आणली आणि पारशांनी बिल भरलं.

१८६७ मध्ये विरारहून मुंबईपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि वांद्रे स्टेशन तिच्यावर होतं. कॉजवेने पायी आणि बैलगाडीने येणाऱ्यांत आगगाडीची गर्दी मिसळली. जुनं देऊळ अपुरं पडू लागलं. आताची दगडी, गॉथिक वळणाची, दोन मनोऱ्यांची इमारत पुरी झाली १९०४ मध्ये. खर्च लाखभर रुपये आला म्हणतात. आतून पाहिलं तर ते फार मोठं नाही. जत्रेत वर चढून आलेल्या नव्या माणसाचा पहिला उद्गार हाच असतो, 'एवढंच?' बाहेर रांग मैलभर आणि आत बाकांच्या मोजक्या ओळी. यात्रेकरू आत जेमतेम मिनिटभर उभा राहतो, फूल देतो, मूर्तीकडे एकदा डोळे भरून बघतो, मागच्याचा धक्का बसतो आणि तो दुसऱ्या दारातून बाहेर. देवळाचं खरं आवार बाहेर आहे: पायऱ्या, रस्ता, समोरचा फातिमा मातेच्या मूर्तीकडे जाणारा जिना, मेणबत्त्यांचे कठडे.

१९५४ हे मारियेचं वर्ष म्हणून जगभर पाळलं गेलं. त्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी या देवळाला बॅसिलिकेचा दर्जा दिला. २०२४ मध्ये इमारतीला एकशे वीस वर्षं झाली आणि बॅसिलिकेला सत्तर. बॅसिलिका म्हणजे काय, हे माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने खांदे उडवले असते. तिच्या दृष्टीने १९५४ साली फक्त पाटी बदलली.

जत्रेबद्दल न लिहिलं तर वाचक ही पानं उलटणारच नाहीत.

८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि पुढच्या रविवारपर्यंत चालते. बेस्ट वांद्रे स्टेशनवरून जादा गाड्या सोडते. हिल रोड माणसांनी फुलतो. इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत एकामागून एक मिस्सा होतात. हे दिवस बऱ्याचदा गणपतीला लागून येतात. मग पोलिसांची झोप उडते, कारण एकीकडे विसर्जन आणि दुसरीकडे डोंगर. आमच्या चाळीतल्या एक काकू अनंतचतुर्दशीला गिरगावात जाऊन आल्या की दुसऱ्या दिवशी हमखास माझ्या आईला हाक मारायच्या, 'चला हो, माउलीला जाऊन येऊ.' आपण कुठल्या धर्माचं काय करतो आहोत हा प्रश्न त्यांना पडल्याचं मला आठवत नाही. आईलाही नाही. दोघी वर जाऊन यायच्या आणि उतरताना खाजं आणि भाजलेले चणे घेऊन यायच्या. पुडीतले अर्धे चणे घरी पोहोचायचे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेणाची दुकानं. मेणबत्त्या तर आहेतच, पण खरा माल बाजूच्या फळीवर ओळीने मांडलेला असतो. मेणाचे हात, मेणाचे पाय, डोळ्यांची जोडी, हृदय, पोट, पाळण्यातलं बाळ, नवरानवरी, घर. ज्याला ज्या अवयवाचं दुखणं, तो तो अवयव वाहतो. मूल हवं असेल तर बाळ. माझ्या लहानपणी घर म्हणजे उतरत्या छपराचं, एका खिडकीचं असायचं. आता फ्लॅटची इमारत मिळते, मजल्यांसकट. मोटार मिळते, विमान मिळतं, लॅपटॉप मिळतो, परदेशाच्या वाटेवर असलेल्यांसाठी पासपोर्टही. यावर नाक मुरडणारे लोक आहेत, शहाण्यांत तर जास्तच. मला तसं वाटत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा कोळी होडी आणि जाळं मागत होता, आजचा पोरगा व्हिसा मागतो. मुंबईला दर पिढीत काय हवं होतं याची नोंद ठेवणारं दुसरं दफ्तर माझ्या माहितीत नाही. अडचण एवढीच, की हे दफ्तर वाहिल्यावर वितळतं.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं जत्रा भरली नाही. महामारीमुळे देऊळ भाविकांना बंद होतं आणि मिस्सा मोबाइलवर बघायची होती. त्यातल्या एका सप्टेंबरात संध्याकाळी मी पायऱ्यांच्या पायथ्याशी गेलो होतो. पोलिसांचे लाकडी अडथळे लावलेले. तरी एका कठड्याच्या कोपऱ्यात कुणीतरी झेंडूची माळ आणि दोन मेणबत्त्या ठेवून गेलं होतं, डोंगराच्या बाजूला तोंड करून. मेणाचं दुकान चालवणाऱ्या ओळखीच्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, 'साचे घासून ठेवलेत. पण ओतू कुणासाठी?' वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा त्यांना त्या आठ दिवसांत मिळतो. २०२२ मध्ये जत्रा परत भरली आणि पहिल्याच रविवारी दुपारपर्यंत त्यांचे हात-पाय संपले होते. हे वाक्य त्यांचंच आहे, आणि ते म्हणून त्या स्वतःच खूप हसल्या.

डोंगरावरून पूर्वी माहीमची खाडी, वरळीचं टोक आणि त्यापलीकडचं मुंबईचं बेट सलग दिसायचं. आता ते इमारतींच्या फटींतून, तुकड्यातुकड्याने दिसतं. २००९ मध्ये खुला झालेला सागरी सेतू तेवढा उठून दिसतो, विशेषतः दिवे लागल्यावर. जिथे होड्या बुडत होत्या त्याच पाण्यावरून.

गेल्या जत्रेत त्याच बाईंच्या दुकानाशी थांबलो होतो. ऊन कलतं होतं. एक बाई आली, चाळिशीतली, पदर खोचलेला, हातात स्टीलचा डबा. मेणाचा हात मागितला. दुकानदारीण फळीवरचा एक उचलून वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली तशी ती बाई घाईने म्हणाली, 'थांबा, हा नको.'

'का गं? चांगला तर आहे.'

'हा डावा. त्यांचा मशीनमधी गेला तो उजवा.'

दुकानदारीण खाली वाकली, टोपलीतल्या हातांत चाचपून बघितलं, दोन बाजूला सारले, तिसरा उजेडात धरून अंगठा कुठल्या बाजूला येतो ते पाहिलं आणि पुढे केला.